आधी पाणी दे

माझी सासू बत्तीस वर्षं वसईहून दादरला फुलं घेऊन गेली. सोनचाफा आणि मोगरा. पहाटे साडेतीनला उठून पाटी भरायची, लाल लुगडं नेसायचं, पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं आणि दादरच्या फूलबाजारात माल विकून दुपारच्या जेवणाला घरी परतायचं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दादर सुटलं, वाडी मात्र सुटली नाही. २०२२ च्या जुलैत विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती.

ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी आम्ही तिला घरी आणली. दोघांच्या आधाराने उभं करायचे पुष्कळ प्रयत्न केले, पण पाय टेकला की ती थरथरायची आणि खाली बसायची. भूल उतरल्यापासून डोक्यातही गोंधळ सुरू झाला होता, तो थोडा निवळला, पुन्हा वाढला आणि मग राहिलाच. तिची सेवा मी पंधरा महिने केली. त्यात मी काय शिकले ते लिहिते आहे, कारण आता आमच्या वाड्यांमधून जवळजवळ घराआड एक माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे आणि त्याच्याजवळ बसणारी कोणीतरी सून, लेक किंवा नवरा आहे.

एक सांगून ठेवते. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घरात कुपारी बोलतो. सासूला मी आईच म्हणायची; तिचं बोलणं मी इथे साध्या मराठीत उतरवते आहे. त्याची निम्मी चव त्यात जाते, पण इलाज नाही.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथून निघताना गोळ्यांची यादी मिळाली आणि टाके काढायची तारीख मिळाली. दर दोन तासांनी हिला वळवा, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं नाही. मी आपली तिला पाठीवर छान सरळ निजवून ठेवत होते. बाराव्या-तेराव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मी त्याला खोबरेल लावून चोळलं. चार दिवसांत तिथली कातडी फाटली.

आमच्या पॅरिशमध्ये एक सिस्टर आहेत, जन्मभर नर्सचं काम केलेल्या, आता सत्तरीच्या पुढच्या. त्यांना निरोप पाठवला. त्या छत्री झटकत आल्या, जखम पाहिली आणि मला एक शब्दही न बोलता हात धुवायला गेल्या. मग शिकवायला बसल्या. लाल जागेवर बोट दाबायचं आणि उचलायचं. बोटाखाली पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर वेळ गेलेली नाही. लालच्या लाल राहिलं तर आत जखम सुरू झाली आहे असं धरायचं. ती जागा कधीही चोळायची नाही. मधे भोक असलेली रबरी गादी वापरायची नाही, तिने आजूबाजूचं रक्त अडतं. पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, पाठीमागे उशी सरकवून थोडं तिरकं ठेवायचं, आणि दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी. पोटऱ्यांखाली घडी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या, कारण पाठीनंतर फुटतात त्या टाचाच. अंडं, मासळी, डाळ, जे जाईल ते रोज पोटात गेलं पाहिजे, नाहीतर जखम भरायला अंगात काही उरत नाही.

शेवटी म्हणाल्या, "हिचं एखादं जुनं, मऊ लुगडं आण."

मी ट्रंकेतून आणलं. सिस्टरांनी त्याच्या घड्या घालून रुंद पट्टा केला, आईच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत पुरेल असा, आणि अंगाखाली आडवा सारला. हे लुगडं दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढायचं, माणसाला ओढायचं नाही. कातडी घासत नाही आणि ओढणाऱ्याची कंबरही वाचते. मी शिवणकाम करते, त्यामुळे त्या रात्री पट्ट्याच्या दोन्ही कडांना दुहेरी शिवण मारून मुठीत धरायला जागा केली. धुवायला टाकला की बदली लागतो म्हणून दुसरा पट्टाही शिवला.

रीत आली. सहनशक्ती आली नाही.

रात्रीचं जागरण कसं असतं हे ज्याने केलं त्यालाच माहीत. दिवसा मशीनवर ब्लाउज, मुलाचा डबा, नवऱ्याची पाळी, आणि रात्री दहापासून हाका. वळवून झालं की पाणी, पाणी झालं की भांडं, भांडं झालं की "कोण आलंय दारात?" सप्टेंबरमधल्या एका रात्री चौथ्यांदा हाक आली. मी उठले, भांडं दिलं, घेतलं आणि ते फरशीवर इतक्या जोरात आदळलं की आतल्या खोलीतला मुलगा जागा झाला. तोंडातून शब्दही गेले. ते इथे लिहीत नाही. आई काहीच बोलली नाही. त्या रात्री पुन्हा हाक आली नाही. पुढच्या रात्रीही आली नाही. मला बरं वाटलं, ती शांत झोपायला लागली असं वाटलं.

आठवड्याने तिला ताप भरला. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून पाणी किती पितात? मला सांगता येईना. घरी आल्यावर माझा मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा, सहज म्हणाला, "आजी पाणी पीतच नाही. म्हणते, पाणी प्यायलं की तुझ्या आईला उठावं लागतं."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, काही प्रार्थना म्हणायला सांगतील. त्यांनी विचारलं, "हे तिला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तिच्या आता काही लक्षात राहत नाही फादर, तिला कशाला पुन्हा त्रास, असंही म्हटलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे कोणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, समेट कर, मग ये, असं प्रभूने सांगितलं आहे. त्यात 'त्या माणसाची स्मरणशक्ती चांगली असेल तर' असं म्हटलेलं नाही.

घरी आले. आई जागी होती. मी खाटेपाशी गुडघे टेकले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, त्या रात्री मी तुझ्यावर ओरडले. भांडं आपटलं. मला माफ कर."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळख पटते आहे की नाही हे मला कळेना. मग म्हणाली, "माफी कुठे जात नाही. आधी पाणी दे."

मी पेला आणला, पाठीशी उशी लावून तिला नीट बसती केली. ती अख्खा पेला प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हं. आता माग." आणि हसली. बारीक, दात नसलेलं हसू. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. तिने पेला पुन्हा पुढे केला.

सिस्टर पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला कामाची गोष्ट सांगितली. हसताना अंग सैल पडतं. वळवताना दुखेल या भीतीने रोगी अंग आवळून धरतो, आवळलेलं अंग वळत नाही आणि जास्त दुखतं. म्हणून आधी हसव, मग वळव. पण विनोद तू करू नकोस, तो तिला करू दे. "ती दिवसभर घेतेच आहे गं. द्यायला तिच्याकडे उरलंय काय? एवढं तरी तिचं तिला देऊ दे."

हे मला फार पटलं. सेवा करणाऱ्याच्या हातात सगळं असतं, पाणी, औषध, दिव्याचं बटण. निजलेल्या माणसाच्या हातात काही नसतं. त्याने काढलेल्या गमतीवर आपण मनापासून हसलो, तर त्या घटकेपुरता तो देणारा असतो आणि आपण घेणारे.

तर ती काय देणार याची मी वाट पाहू लागले. दोन-तीन दिवसांनी दुपारी वळवायला लुगड्याचा पट्टा धरला आणि आई खणखणीत आवाजात ओरडली, "सरका गं, सरका! चौथी सीट!"

तिघींच्या बाकावर सरकायला लावून चौथी जागा मागणाऱ्या, लोकलने जन्मभर प्रवास केलेल्या बाईचा तो आवाज होता. मी म्हटलं, "बसा मावशी, बसा." ती हसली, मी ओढलं, ती फुलाच्या पुडीसारखी हलकी वळली.

त्या दिवसापासून आमची गाडी सुरू झाली. भिंतीवर वळवायच्या वेळांचा कागद लावला होता, मुलाने तो काढून दुसरा केला. रात्री दहा वाजता नायगाव. बाराला भाईंदर, दोनला मीरा रोड, चारला दहिसर, सहाला बोरिवली. मग कांदिवली, मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी, पार्ले, आणि रात्री आठला सांताक्रूझ. दिवसाची बारा वळणं, बारा स्टेशनं. दहाला पुन्हा नायगाव. दादर कधी येत नसे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. भाईंदरला ती म्हणायची, "खाडी आली, खिडकी उघड," आणि मी मध्यरात्री खिडकीची एक झडप उघडायची. आमच्याकडे रात्री दर्याचा वारा येतो, तो तिच्या चेहऱ्यावर यायचा. नवऱ्याची पाळी असली की ती त्याला डब्यातून उतरायला सांगायची, लेडीज डबा आहे म्हणून. तोही बिचारा खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत यायचा, टी.सी. होऊन. जखम डिसेंबरात भरली.

रोज असं चालायचं असं कोणी समजू नये. कितीतरी दिवस ती कोणाला ओळखत नसे, घास थुंकायची, माझ्या हाताला चावलीही एकदा. तेव्हा गंमत कामाला येत नाही. तेव्हा दिवा मंद करून गप्प बसायचं, हात धरू दिला तर धरायचा. मी तेव्हा मनातल्या मनात माळ म्हणायची. पौलाने करिंथकरांना लिहिताना प्रीतीचं वर्णन केलं आहे, त्यात सर्वांत आधी सहनशीलता येते, बाकीचे गुण तिच्या मागून. लहानपणापासून लग्नाच्या मिस्सेत हा उतारा ऐकत आले, पण त्याचा पहिलाच शब्द एवढा जड आहे हे खाटेशी बसल्यावर कळलं.

संध्याकाळची माळ मात्र तिच्या अंगात मुरलेली होती. तिचं बालपण आणि तरुणपण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीचं. परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, त्यानंतर आमची उपासना मराठीत आली. त्यापूर्वी सगळं लॅटिन. नातवाचं नाव ती विसरली, पण पवित्र मारियेच्या लितानीत एकेका हाकेला सगळ्यांनी द्यायचं उत्तर 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', हे विसरली नाही. पुढे पुढे ती सगळ्यालाच तेच उत्तर द्यायची. "आई, रक्तदाबाची गोळी." "ओरा प्रो नोबिस." "आई, पेज." "ओरा प्रो नोबिस." "आई, इंजेक्शन." यावर ती जरा थांबायची आणि मोठ्याने, "ओरा प्रो नोबिस!" सिस्टर म्हणाल्या, गोळीला यापेक्षा चांगलं उत्तर त्यांनी ऐकलेलं नाही.

एकदा भेटायला आलेल्या नात्यातल्या एकाने हे मोबाईलवर टिपलं आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकलं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी त्याला फोन करून ते काढायला लावलं. त्याला राग आला, "तुम्ही हसता ते चालतं?" मी म्हटलं, आम्ही तिच्यासमोर हसतो, ती बघत असते आणि तीही हसत असते. ते नातं अजून पूर्ववत झालेलं नाही. मला त्याबद्दल वाईट वाटतं, पण तो व्हिडिओ काढायला लावला याबद्दल वाटत नाही.

दुपारी मी तिला बायबल वाचून दाखवायची. एकदा उत्पत्तीमधली साराची गोष्ट निघाली. देवाचा निरोप आला की म्हातारपणी तुला मुलगा होईल आणि तंबूच्या दाराआड उभी असलेली सारा हसली. मी हसले नाही, असं ती भीतीने म्हणाली, तर उत्तर मिळालं, नाही, तू हसलीस. मुलगा झाला त्याचं नाव इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. मी वाचत होते, आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. "किती वर्षांची होती?" तिने विचारलं. नव्वद, मी म्हटलं. आई कळवळली, "अरे देवा. आणि शेक कोण देणार तिला?"

२०२३ चा पवित्र गुरुवार ६ एप्रिलला आला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये त्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी फक्त पुरुषांचे धुवायचे, २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून स्त्रियांनाही त्यात घेतलं. त्यानंतरच्या एका वर्षी आईला विचारणा झाली होती. ती गेली नाही. "फादरांनी माझ्या या पायांना हात लावायचा?" म्हणाली.

२०२३ च्या त्या गुरुवारी मला चर्चला जाता येणार नव्हतं. मी परातीत कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, खांद्यावर पंचा टाकला आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. तिने पाय आखडून घेतले, जितके घेता येत होते तितके. मी म्हटलं, "आई, पेत्रासारखं करू नकोस. तोही असाच म्हणाला होता, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत."

तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "पेत्राला सासू होती," ती म्हणाली. "तिला ताप होता. प्रभूने हात धरून उठवली तशी ती लागली सगळ्यांना वाढायला. माझ्याकडून ते व्हायचं नाही, आधीच सांगते."

ज्या बाईला सकाळी आपण कोणत्या घरात आहोत ते सांगावं लागलं होतं, तिने मार्काच्या पहिल्या अध्यायातली गोष्ट बिनचूक काढली होती. ती सासू उठून सेवा करू लागली असं तिथे म्हटलं आहे. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याच धातूपासून चर्चमधल्या सेवेकऱ्याचा 'डीकन' हा शब्द आला, हे पुढे सिस्टरांनी सांगितलं.

मी म्हटलं, "तू बत्तीस वर्षं वाढलंस की."

तिने पाय सोडला. पाय आता माझ्या तळहाताएवढाच जड होता. टाच मऊ पडली होती, महिनोन्‌महिने जमिनीला न लागल्याने भेगा भरून आल्या होत्या. एक भेग मात्र उरली होती, उजव्या टाचेला बाहेरच्या अंगाने, आणि तिच्यात एक काळी रेघ. मी साबण लावून हळूहळू बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, ती रेघ गेली नाही. दादरची असावी. मी ती तशीच राहू दिली आणि पंच्याने बोटांच्या बेचक्या टिपायला लागले. वरून आवाज आला, "आणि तो दुसरा काय सावत्र आहे?"

आई ऑक्टोबरात गेली. फादर दोन दिवस आधी येऊन कपाळाला आणि तळहातांना तेल लावून गेले होते. पहाटे चारला मी तिला वळवली, पापण्या हलल्या, शब्द आला नाही. सहाच्या आत श्वास थांबला. दहिसर आणि बोरिवलीच्या मधे, असं माझ्या मुलाने शाळेतल्या मित्राला सांगितलेलं मी ऐकलं. त्याला काय म्हणायचंय ते त्या मित्राला कळलं नसणार.

लुगड्याचे दोन्ही पट्टे धुऊन ठेवले होते. परवा पाचूबंदरहून एक ओळखीचा मुलगा आला. त्याचे वडील अर्धांगाने पडले आहेत, पाठीला लाल झालंय म्हणाला. मी एक पट्टा पिशवीत घातला आणि गेले. बोट दाबून दाखवलं, उश्या कशा ठेवायच्या ते दाखवलं. जागा अजून पांढरी होत होती. मुलाने विचारलं, "आणि बोलायचं काय त्यांच्याशी? ते कोणाशी बोलतच नाहीत." मी विचारलं, कामाला कुठे होते? "कुठे म्हणजे? बोटीवर. नाखवा होते."

पट्ट्याची एक बाजू मी धरली, दुसरी त्याने. मी म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "नाखवा, बोट किनाऱ्याला घ्यायची आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा ओढतो." काही नाही. आम्ही थांबलो. बाहेर कोणीतरी जाळी झटकत होतं. मुलगा ओढायच्या बेतात होता, मी मानेने नको म्हटलं. बराच वेळ गेला. मग तोंडाची एक बाजू हलली आणि अर्ध्या ओठांतून आलं, "हैय्या..."

"हो!" आम्ही दोघांनी म्हटलं आणि ओढलं.